पॉन्टिॲकची भिशी

आमची तिघांची मिळून एक मोटार आहे. 1965 सालची पॉन्टिॲक जीटीओ. दोन दारं, लाल रंग, टप मागे दुमडून वाऱ्यावर निघता येईल अशी. ती अजून घ्यायची राहिली आहे, एवढी एक बाब सोडली तर तिच्याबद्दल बाकी सगळं ठरलेलं आहे. उभी कुठे करायची, कोणी कोणत्या महिन्यात वापरायची, कोणाच्या मेव्हण्याच्या हाती किल्ली द्यायची नाही, सगळं. यावरून आमच्यात अबोलेही होऊन गेले आहेत. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण सगळ्यांनाच ठाऊक असते. तिचा रोजचा सराव पाहायचा असेल तर सकाळच्या कर्जत लोकलला यावं.

डब्यात माणसांना नावं नसतात, स्टेशनं असतात. मी बदलापूर. अंबरनाथला तात्या चढतात. ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म लेथवर काढून ते निवृत्त झाले आणि घरी करमेना म्हणून कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात पुन्हा लेथवरच उभे राहिले. उल्हासनगरला साईं चढतात. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि जगातली कोणतीही वस्तू निम्म्या किमतीत कुठे होते ते त्यांना माहीत असतं. हे पॉन्टिॲकचं खूळ मात्र आणलं वांगणीने. वांगणी म्हणजे पंचविशीतला एक पोरगा. त्याने एकदा मोबाईलवर या गाडीचा व्हिडिओ लावला, तोही इअरफोन न घालता. एरवी डब्याने त्याला शेलक्या शब्दांत समज दिली असती. त्या दिवशी पत्ते खेळणारेही थांबले. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “आठ सिलिंडर. टायमिंग जरा पुढे आहे.” साईंनी विचारलं, “कितने की है?” किंमत ऐकल्यावर क्षणभर शांतता झाली आणि मग कोणीतरी भिशी हा शब्द उच्चारला. आपल्याकडे परवडत नाही ते सगळं भिशीने येतं.

अमेरिकेत मसल कार म्हणतात त्या जातीची पहिली गाडी म्हणून या जीटीओकडे बोट दाखवतात. गाडी मध्यम अंगाची आणि इंजिन मात्र थोरल्या घरातलं, हा तिचा सगळा मंत्र. तिच्या जन्माची हकिकत वांगणीने आम्हाला कल्याण ते ठाण्याच्या दरम्यान सांगितली होती. जनरल मोटर्सचा तेव्हा एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या जोडीदार इंजिनिअरांनी 389 घनइंचांचं इंजिन उचललं आणि टेम्पेस्ट या सोज्वळ गाडीत बसवलं. नियम होता नव्या मॉडेलसाठी. म्हणून यांनी मॉडेल केलंच नाही. असलेल्या गाडीवर घ्यायचं जादा सामान म्हणून ते कागदावर दाखवलं, म्हणजे वरची मंजुरी नको. नाव तर सरळ फेरारीच्या गाडीचंच उचललं. पाच हजार खपल्या तरी डोक्यावरून पाणी असा अंदाज होता. 1964 या पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या, त्यांतल्या 6,644 उघड्या टपाच्या. एवढा खप झाल्यावर वरचे साहेब काय बोलणार? 1966 मध्ये जीटीओ हे रीतसर स्वतंत्र मॉडेल झालं.

साईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे पहले बांधून टाकलं, नंतर रेग्युलराइज केलं,” ते म्हणाले. ज्या शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला राज्याला 2006 साली खास कायदा करावा लागला, त्या शहरातल्या माणसाला डेट्रॉईटचं मन इतक्या चटकन कळलं याचं मला नवल वाटलं नाही. त्या दिवसापासून ती गाडी साईंना घरची वाटू लागली.

तात्यांना ती आपली वाटली ती हिशेबामुळे. 389 घनइंच म्हणजे सहा लिटर आणि वर पावणेचारशे सीसी. मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं. म्हणजे या एका बॉनेटखाली आठ मारुत्या. रिक्षाच्या भाषेत सांगायचं तर तीसएक रिक्षा. बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी जेवढ्या शेअर रिक्षा रांगेत दिसतात तेवढ्या सगळ्या एका गाडीत, आणि माणसं मात्र पाचच बसणार. तात्यांना हा उधळेपणा पटत नाही, पण तो उधळेपणा कारागिरीने केलेला आहे म्हणून ते मान देतात. जादा पैसे भरले तर तीन कार्बोरेटर मिळत, हे ऐकल्यावर त्यांनी तिन्ही एकसारखे कसे लावायचे यावर दादरपर्यंत व्याख्यान दिलं आणि कुर्ला मागे गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अमेरिकन गाड्या आपल्या भागाला तशा परक्या नाहीत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना काढला आणि शेवरोले तिथेच जोडून बाहेर पडू लागल्या. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि 1947 पासून तात्यांच्या त्या कुर्ल्यातूनच डॉज, डीसोटो, प्लिमथ निघायला लागल्या. पुढे सरकारने ठरवलं की नुसतं जोडकाम नको, इथे बनवणार असाल तर राहा. आणि 1953-54 च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेले. त्यानंतर आल्या त्या वकिलातींच्या गाड्या, आणि वकिलातींनी वापरून विकलेल्या गाड्या नट-निर्मात्यांच्या दारात. आमच्या लहानपणी सहा माणसं बसून वर हात पसरता येतील अशी कोणतीही लांबलचक गाडी म्हणजे इंपाला; कंपनी कुठली हे विचारायची पद्धत नव्हती. मसल कार जन्माला आली तेव्हा आपलं दार असं बंद होतं, आणि दार किलकिलं होईपर्यंत ती जात संपलेली होती. 1973 च्या तेलटंचाईने तिचा घास घेतला. त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. एकाच संकटात तिकडे आठ सिलिंडर गेले आणि इकडे दोन बैल आले.

उघड्या गाडीत एकत्र बसण्याचा आपला अनुभवही जुना आहे. ‘चलती का नाम गाडी’ 1958 चा. तिघं भाऊ आणि एक 1928 ची शेवरोले. त्या गाडीचा मालक तिघांतला कोण, हा प्रश्न तो सिनेमा पाहताना कोणाला पडल्याचं मी ऐकलेलं नाही. कोल्हापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपती जुन्या मेबॅकमधून दसरा चौकात येतात. गाडी राजघराण्याची, पण कोल्हापूरकर तिच्याबद्दल बोलतात ते ‘आमची मेबॅक’ असंच, आणि तिचा हॉर्न ऐकायला आलेल्या पोराला बापाने खांद्यावर घेतलेलं असतं. एरवी आपल्याकडे उघड्या गाडीत बसायचा मान नवरदेव, उमेदवार आणि जिंकून आलेला क्रिकेटपटू यांनाच. गळ्यात हार नसेल तर टप नसलेल्या गाडीत बसलेला माणूस विनाकारण ओशाळा दिसतो. आमच्यापुढे हा प्रश्न आलाच होता. साईंनी सुचवलं की पहिले काही दिवस आपण हार घालूनच बसावं.

टप नसण्याचं तात्यांना मात्र काही वाटत नाही. त्यांच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात, जे 1060 सालचं आहे, गाभारा वीसेक पायऱ्या उतरून खाली आहे आणि वर शिखर अर्धवट राहिल्यामुळे आभाळ मोकळं. “साडेनऊशे वर्षं देवाचं भागलं,” तात्या म्हणतात, “तर आपलं न भागायला काय झालं?” देवाला भिजायची हौस आहे, आपल्याला सर्दी होते, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

मग एका रविवारी साईंनी आम्हाला उल्हासनगरात एका सीटकव्हरवाल्याकडे नेलं. गाडी नाही, पण टपाचं माप काढून ठेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा विचार. दुकान एवढं चिंचोळं की रेक्झिनचे रोल उभे आणि गिऱ्हाईक आडवं. त्या कारागिराने मोबाईलवरचे फोटो दोन बोटांनी मोठे करून करून पाहिले. मागची काच प्लॅस्टिकची की खरी, सांगाडा किती कमानींचा, कापड कोणत्या कमानीला खिळवलंय आणि कोणत्या कमानीवर नुसतं टेकलंय, हे तो स्वतःशीच बोलत होता. आम्ही त्याला पावसाचं विचारलं. त्याने उत्तर न देता हाताशी पडलेली एक अर्धी शिवलेली जीन्स उचलली आणि आतल्या मांडीची शिवण उलटी करून दाखवली. कापडाच्या दोन कडा एकमेकींत अडकवून दुमडलेल्या आणि वरून दोन सुयांची शिलाई. त्याने नखाने ती उचकटायचा प्रयत्न केला. नख वळलं, शिवण हलली नाही. “टप ऐसाही सिलेगा,” तो म्हणाला. “पानी सिलाई से नहीं आता साहब, कोने से आता है.” आणि समोरच्या काचेची चौकट आणि टप जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. अमेरिकन माणसासाठी शिवलेल्या विजारीचं ज्ञान अमेरिकन गाडीच्या छपराला जसंच्या तसं लागू पडतं, हे मला तिथे कळलं. लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासित होऊन आलेल्या लोकांच्या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवून उल्हासनगर नाव दिलं, तेव्हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी इथे पॉन्टिॲकच्या टपावर चर्चा होईल असं त्यांच्या मनात आलं नसावं. आलं असतं तरी राजाजींनी ती काटकसरीने मोडून काढली असती.

त्या कारागिराने जाताना एकच प्रश्न विचारला आणि तो अजून माझ्या डोक्यात आहे. “ओरिजिनल चाहिए, या ओरिजिनल से अच्छा?”

उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’वरचा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, वगैरे. पण जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत डोकावलं तर हसायचं कोणी कोणाला, असा प्रश्न पडतो. तिकडे अमेरिकेत इंजिनवरचा नंबर आणि चासीवरचा नंबर कागदाशी जुळला तर किंमत वाढते. आणि त्याच देशात 2011 पासून फोर्डच्या अधिकृत परवान्याने जुन्या उघड्या मस्टँगचा अख्खा पत्र्याचा सांगाडा नवाकोरा विकत मिळतो. साठ वर्षांपूर्वीची गाडी, गेल्या महिन्यात घडवलेली. मुळात ती मस्टँगसुद्धा फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीलाच नवे कपडे चढवून उभी केलेली होती. साईंना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आपल्याला उगाचच नावं ठेवली गेली, असा सगळ्या समाजाचा एक जुना सल त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला.

आता मालकीचं. सातबाऱ्यावर सतरा नावं चालतात. आजोबा, पणजोबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या, कोणीही. आरसी बुकात नाव एकाचंच. त्यामुळे आमच्यात पहिलं भांडण झालं ते नावावरून. तोडगा तात्यांनी काढला: ज्याचं नाव त्याने दंड भरायचा. लगेच नावासाठी कोणी उत्सुक राहिलं नाही. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये नवे नियम झाले. नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. अट अशी की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. वांगणीचं तोंड हे वाचून उतरलं होतं. साईं म्हणाले, “अरे, ही गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर चालते. ही घराबाहेर पडली की पेट्रोल भरायलाच चाललेली असते.” शंभरीपार गेलेल्या पेट्रोलचा इतका कायदेशीर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

स्टिअरिंग डावीकडे, हीही एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 प्रमाणे डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची तर तिला चालू स्थितीतलं इशारा देणारं यंत्र हवं. कायद्याचं म्हणणं संपलं. अडचण तिथून सुरू होते. आपण डावीकडून चालणारे. चालवणारा बसणार फुटपाथच्या बाजूला. त्याचे फायदे आहेत. गाडीतून न उतरता वडापाव घेता येतो आणि ओळखीच्या माणसाशी थांबून बोलता येतं. पण काटई-बदलापूर रस्त्यावर पुढे एमआयडीसीचा टँकर आला की चालवणाऱ्याला दिसते ती फक्त टँकरची पाठ. पुढून काय येतंय ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. त्याने मान बाहेर काढायची आणि सांगायचं: आहे, आहे, थांब, आहे, मार! या ‘मार’वर चालवणाऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवायचा. तरुण पोराने एकट्याने सुसाट जावं म्हणून जन्माला घातलेली गाडी आपल्या रस्त्यावर आली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय टँकर ओलांडू शकत नाही. मला ही गाडी खरोखर हवीशी वाटली ती हे लक्षात आल्यावर. तात्यांनी तेव्हाच जाहीर केलं की ते कायम उजवीकडे बसतील. चालवायचं ओझं नको आणि हुकूम मात्र त्यांचा.

एक गाडी अनेकांनी वापरण्याच्या बाबतीत शिकागोजवळच्या एका शिक्षिकेची गोष्ट मला फार आवडते. वय बावीस. 15 एप्रिल 1964 ला ती दुकानात गेली आणि तिने निळी उघडी मस्टँग घेतली. बाजारात यायच्या दोन दिवस आधी, म्हणजे अमेरिकेत विकली गेलेली ती पहिलीच मानतात. पंधराएक वर्षं तिने आणि नंतर तिच्या चार पोरांनी ती गाडी मनसोक्त वापरून खिळखिळी केली. मग नवऱ्याने ती गॅरेजमध्ये उभी केली आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त करतो म्हणाला. तो आठवडा सत्तावीस वर्षांनी उगवला. पण केली हो त्याने दुरुस्त, आणि गाडी अजून त्यांच्याकडेच आहे. हे मी घरी सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरातून एवढंच आलं की आपल्या गिझरला अजून सत्तावीस झालेली नाहीत.

वाटणी आम्ही वर्षाचे चार भाग पाडून केली. ऑक्टोबर ते डिसेंबर साईंना, कारण लग्नसराई आणि दिवाळी. जानेवारी ते मार्च तात्यांना, कारण त्यात महाशिवरात्रीची जत्रा येते. एप्रिल ते जून माझे. उन्हाने सीट तापेल ती तापेल. उरलेले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर चिठ्ठीने वांगणीकडे गेले. वांगणी आणि बदलापूरमध्ये जुलै म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी 27 जुलै 2019 आठवावा. महालक्ष्मी एक्सप्रेस याच दोन स्टेशनांमध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवासी होड्यांतून आणि हेलिकॉप्टरच्या देखरेखीखाली बाहेर काढले. जिथे छपरासकट एक्सप्रेस बुडायची वेळ येते तिथे टप नसलेल्या पॉन्टिॲकची काय कथा. वांगणीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि महिन्याभरात पुण्याला बदली मागून घेतली.

भिशीचे पैसे तात्यांच्या डब्यात जमतात. जेवणाच्या नव्हे, जुन्या बिस्किटांच्या. त्यात गाडीचं एक चाक येईल एवढे झाले की दसरा येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोकलच्या डब्याला झेंडूचे हार, पताका, पूजा, पेढे, हे आमच्याकडे चुकत नाही, आणि वर्गणी कमी पडली की सगळे तात्यांकडे बघतात. तात्याही काही न बोलता झाकण उघडतात. “वाहनाची पूजा झाली ना,” म्हणतात.

पहिली सफर कुठली तेही ठरलंय. बदलापूरहून वांगणी, शेलू, नेरळ, आणि मग माथेरानचा घाट. तिकडे दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडीला बंदी आहे, तेव्हा तीनशेच्यावर अश्वशक्ती नाक्यावर लावून पुढे एका अश्वावर बसायचं. साईंनी घोडेवाल्याशी घासाघीस करायची आहे.

तर भिशीत एक जागा रिकामी आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मेव्हणा नसलेल्याला प्राधान्य. कोणी तयार असेल तर सकाळच्या कर्जत लोकलला मधल्या डब्यात यावं. बसायला चौथी सीट देऊ, रेनकोट मात्र स्वतःचा आणावा.